उंबरठ्याबाहेरचा उजेड

कोजागिरी सरली, मळणी होऊन सोयाबीन पोत्यांत भरले आणि कपाशीची पहिली बोंडे उमलून रान पांढरे दिसू लागले, म्हणजे वऱ्हाडातील अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत घरोघर एका निराळ्याच कामाला आरंभ होतो. देवघर, स्वयंपाकघर आणि कोठी यांची निगा वर्षभर चाललेलीच असते; दिवाळीपूर्वीच्या या पंधरवड्यात मात्र कुटुंबाचे सारे लक्ष घराच्या बाह्यांगाकडे, म्हणजे अंगण, ओसरी, कवाड आणि फाटक यांच्याकडे वळते. खेड्यातील मातीच्या भिंतीवरून पांढऱ्या मातीचा हात फिरतो, तिच्या पायथ्याशी गेरूचा पट्टा ओढला जातो, शेणाने सारवलेल्या अंगणात रांगोळी उमटते, दारावर आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे तोरण चढते. शहरात हेच कार्य चुना, रंग आणि विजेच्या माळा यांच्या साहाय्याने सिद्धीस जाते.

या साऱ्या खटाटोपाचा विचार करता मला असे वाटते, की घराबाहेरची रोषणाई ही मुळी घरच्या माणसांसाठी नसतेच. फाटकाच्या खांबावर ठेवलेल्या पणतीचा लाभ आतल्या माणसाला फारसा होत नाही. तिचा उजेड पडतो तो रस्त्यावर, आणि त्या उजेडातून जाणारा मनुष्य ओळखीचा असो वा अनोळखी, त्याच्या पायापुढची चार पावले ती उजळीत असते. या दृष्टीने पाहिले म्हणजे दाराची शोभा हा खाजगी थाट न राहता सार्वजनिक कर्तव्याचा एक भाग ठरतो; आणि ज्या मुलखात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला, त्या मुलखाला तर हे विशेष समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी गावचे रस्ते स्वतः झाडून काढणाऱ्या त्या पुरुषाने सजावटीचा पहिला धडा कोणता, हे आपल्या खराट्यानेच दाखवून दिले आहे. नाली तुंबलेली ठेवून तिच्यावर दिव्यांची माळ सोडणे हे मला कधीच पटलेले नाही.

वऱ्हाडच्या पणतीची विशेष गोष्ट अशी, की तिचे सारे साहित्य याच भूमीत उत्पन्न होते. माती गावच्या कुंभाराची. तेल पूर्वी जवसाचे, करडईचे, तिळाचे वा सरकीचे. आणि वात तर ज्या पिकावर वऱ्हाडच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या त्या कापसाचीच. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला म्हणजे त्यातून रुई निघते ती सुमारे एकतृतीयांश, आणि उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो; म्हणजे एकाच बोंडातून दिव्याला वातही मिळते आणि तिला पोसणारे तेलही मिळते, हा योग इतर किती पिकांच्या वाट्याला आला असेल? कापसाच्या तंतूंमधील सूक्ष्म पोकळ्यांतून तेल आपोआप वर चढते, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. तेल पुरत असेतोवर वात स्वतः फारच हळू झिजते. म्हणून वात फार घट्ट वळू नये आणि नवी पणती वापरण्यापूर्वी काही काळ पाण्यात भिजू द्यावी, नाहीतर कोरी माती तेल पिऊन टाकते, ही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची शिकवण अगदी शास्त्रशुद्ध आहे. तेलाची किंमत पूर्वीच्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होती. देवस्थानांच्या दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम देऊन त्यांच्या सनदा दप्तरी दाखल करण्याची वहिवाट त्यांच्या अमदानीत होती.

आकाशकंदिलाचे मूळ मात्र निराळे आहे. कार्तिक मासात उंच काठीवर आकाशदीप लावावा असे धर्मशास्त्रात विधान आहे, आणि घरावर टांगलेला आपला कंदील हा त्याच प्रथेचा वंशज मानला जातो. बांबूच्या कामट्या तासून, त्यांचे चौकोन व त्रिकोण दोऱ्याने बांधून, वर पतंगी कागद खळीने चिकटवून आणि खाली झिरमिळ्या सोडून केलेला कंदील ज्या घरात मुलांच्या हातून तयार होतो, त्या घराला भूमितीचा एक धडा विनामूल्य मिळतो, असे मी आग्रहाने म्हणेन. बांबूची तर अमरावती जिल्ह्याला वाण नाही. उत्तरेस मेळघाट उभा आहे, गावोगावच्या बुरूड कारागिरांची बोटे या कामात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली आहेत, आणि धारणी तालुक्यातील लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या राख्यांना दूरवर नाव मिळवून दिले आहे. असे असता बाहेरून आलेल्या प्लास्टिकच्या कंदिलांनी आमच्या बाजारपेठा भरून जाव्यात, हे पाहून मनाला खेद होतो.

विजेची माळ ही मात्र परदेशची देणगी. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळच्या वृक्षावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले, तेथून या प्रकाराचा आरंभ धरतात. आपल्याकडे प्रथम आले ते पंधरा वॉटचे रंगीत ‘झिरो’ बल्ब, आणि मागाहून बारीक दिव्यांच्या माळा. या माळेतील प्रत्येक दिवा सुमारे सहा व्होल्टचा असल्यामुळे २३० व्होल्टचा दाब वाटून घेण्यासाठी अडतीस-चाळीस दिवे एकामागोमाग एक जोडावे लागत. त्यांतील एकाची तार तुटली की सारी माळ अंधारात, आणि मग घरातील एखादा चिकाटीचा मुलगा रात्र पडेपर्यंत एकेक दिवा काढून तपासीत बसे. आताच्या एल.ई.डी. माळांमागे मोठी विद्या आहे. निळा प्रकाश देणारा असा दिवा सिद्ध करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खर्चाचा हिशेब करावयाचा तर पंधरा वॉटचे वीस बल्ब रोज सहा तास याप्रमाणे पाच रात्री जाळल्यास नऊ युनिट वीज लागते. पाच-पाच वॉटच्या पाच माळांना तेवढ्याच अवधीत पाऊण युनिट पुरते. अकोला जिल्ह्यातच पारस येथे २५० मेगावॉटचे दोन संच कोळसा जाळून वीज निर्माण करीत असल्याने ही बचत केवळ घरच्या जमाखर्चापुरती राहत नाही.

परंतु एल.ई.डी.चा दिवा थंड असला म्हणून त्याची तारही निरुपद्रवी असते, असे समजणे घातक आहे. स्वस्त माळेच्या तारेत घरचाच २३० व्होल्टचा दाब खेळत असतो. लोखंडी फाटकाला वा गजाला ती गुंडाळली, खिळ्याने तिचे आवरण फाटले आणि पहाटेचे दव त्यावर पडले, म्हणजे संपूर्ण फाटकात प्रवाह उतरू शकतो. ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच घराच्या मंडळात असणे, बाहेरचे सांधे जमिनीपासून उंच व कोरडे ठेवणे आणि निजण्यापूर्वी मुख्य बटण बंद करणे, एवढा बंदोबस्त कोणाच्याही आवाक्यातला आहे. वऱ्हाडात याहून मोठे भय दुसरेच आहे. दिवाळीत शेतकऱ्याच्या घरी वेचलेला कापूस छपरीत वा आतल्या खोलीत राशीने पडलेला असतो, आणि अंगणापलीकडे कडब्याची गंजी असते. या राशीला ठिणगी लागली तर आग वरून विझल्यासारखी दिसूनही आत धुमसत राहते आणि वर्षाची कमाई गिळून टाकते. ज्या घरात कापूस भरला आहे तेथे पणत्या ओसरीत न ठेवता अंगणातील तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर किंवा फाटकावर ठेवाव्यात, कापसाच्या खोलीवरून माळेची तार नेऊ नये आणि पाण्याची भरलेली बादली हाताशी असावी, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो.

दिव्यांचा हा काळ पाच दिवसांतच आटोपतो असेही नाही. धनत्रयोदशीला कणकेचा यमदीप दक्षिणेकडे तोंड करून लागतो, पाडव्याला रंगविलेली आणि सजविलेली जनावरे गायगोधनाला निघतात, खेड्यांतून कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा चालू राहतो आणि कार्तिकातच वर्धेच्या काठी कौंडण्यपूरची यात्रा भरते. म्हणून आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू द्यावा. त्यानंतर तो उतरवून कागद काढून टाकावा, कामट्यांचा सांगाडा वाळवी लागणार नाही अशा कोरड्या जागी माळ्यावर ठेवावा, आणि विजेची माळ गाठी न पडता पुठ्ठ्यावर गुंडाळून तिची पिचलेली तार तेव्हाच कापून टाकावी, कारण पुढील वर्षी ऐन धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ती कोणालाच आठवत नाही.