चाचणी गडचिरोलीची, कार्यक्रम देशाचा

एखादा उपाय गुणकारी आहे, हे ठरवायचे कसे? गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी घरीच नवजात बाळाची काळजी सुरू केली. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानाला मदत करणे आणि जंतुदोष झाल्यास इंजेक्शनही देणे, ही त्यांची कामे. 47 गावे तुलनेसाठी ठेवली. 1993–95 ते 1997–98 या काळात पहिल्या गावांत दर हजारी नवजात मृत्यू 62 वरून 25 वर आले. तुलनेच्या गावांत ते साठच्या आसपासच राहिले. म्हणजे ही घट नुसत्या काळाची किंवा सुधारलेल्या परिस्थितीची नव्हती. निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

2011 मध्ये केंद्र सरकारने याच धर्तीवर घरोघरी नवजात बालसेवा कार्यक्रम सुरू केला. बाळंतपण दवाखान्यात झाले तर गावची आरोग्य स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, 42 दिवसांत सहा भेटी देते, घरी झाले तर सात. मात्र इंजेक्शन देण्याऐवजी धोक्याची लक्षणे ओळखून बाळाला दवाखान्यात पाठवणे, हे तिचे काम. चाचणीतला उपाय राबवताना असा बदलला, की चाचणीतलाच परिणाम मिळेल असे गृहीत धरता येत नाही. तो पुन्हा मोजावा लागतो.