'कोऱ्हाळे' शोधलं तर सापडेल का? ग्रंथालयात पुस्तकांची नोंद करणारी माणसं नेमकं काय शिकतात, कुठं शिकतात?

आधी एक छोटा प्रयोग करू. फोन हातात आहेच. त्यावर 'कोऱ्हाळे बुद्रुक' असं टाइप करून बघा.

बारामती तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं हे उसाचं गाव. नाव सोपं आहे, पण टाइप करताना बोट अडतं ते 'ऱ्ह'वर. काही जणांच्या फोनवर ते नीट उमटेल. काही जणांचं 'कोर्हाळे' होईल, म्हणजे र चा रफार होऊन तो ह च्या डोक्यावर जाऊन बसेल. काही जण वैतागून 'कोराळे' लिहून मोकळे होतील.

आता खरी गंमत. ज्यांचं बरोबर उमटलं, त्या सगळ्यांनीही एकच शब्द लिहिलेला असेल असं नाही. युनिकोडमध्ये हा 'ऱ्ह' दोन पद्धतींनी लिहिता येतो. एका पद्धतीत खाली नुक्ता असलेला वेगळा 'ऱ' वापरतात. दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', हलन्त आणि त्यापुढं डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. कॉम्प्युटरसाठी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत.

म्हणजे ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर पुस्तकाची नोंद एका पद्धतीनं झाली आणि तुम्ही शोध दुसऱ्या पद्धतीनं घेतला, तर उत्तर येऊ शकतं, 'एकही पुस्तक सापडलं नाही'. आणि पुस्तक तिथंच, चार पावलांवरच्या कपाटात असतं.

हे फक्त एका गावापुरतं नाही. बारामतीतून वाहणारी नदी कऱ्हा. आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'कऱ्हेचे पाणी'. वऱ्हाड, कऱ्हाड, गुऱ्हाळ, सगळीकडं तोच घोळ. पुस्तक वाचकाला सापडावं यासाठी हा घोळ निस्तरणं हे एका माणसाचं काम असतं. त्याला म्हणतात तालिकाकार.

तालिकाकार म्हणजे कोण?

ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत त्याला दाखल अंक मिळतो. मग त्याचा विषय ठरवून वर्गांक दिला जातो. त्यानंतर लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पानं, विषय अशी सविस्तर नोंद होते. या नोंदींच्या संग्रहाला तालिका म्हणतात. पूर्वी ती साधारण साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरच्या कार्डांवर असायची, लाकडी खणांमध्ये ओळीनं लावलेली. आता ती बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये गेली आहे.

मोठ्या विद्यापीठात या कामासाठी वेगळी माणसं असतात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मात्र ग्रंथपाल, तालिकाकार, वर्गणी गोळा करणारा आणि पेपर लावून ठेवणारा हा बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

एका पुस्तकाची जागा ठरते कशी?

समजा, हातात उसावरचं एक पुस्तक आहे. ते कुठं ठेवायचं?

जगात सर्वात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेलं दशांश वर्गीकरण. त्यात उसाची शेती ६३३.६१ मध्ये जाते. साखर तयार करण्याचं तंत्र ६६४.१ मध्ये. आणि सहकारी चळवळ ३३४ मध्ये.

म्हणजे लागवडीचं पुस्तक एका कपाटात, गाळपाचं दुसऱ्या आणि सहकारी साखर कारखान्याच्या वाटचालीचं तिसऱ्या कपाटात. मुखपृष्ठावर तिन्हीकडं उसाचाच फोटो असेल. पण मुखपृष्ठ पाहून वर्गांक देता येत नाही. प्रस्तावना, अनुक्रमणिका चाळावी लागते आणि पुस्तक नक्की कशाबद्दल आहे हे ठरवावं लागतं. सोमेश्वर कारखान्याच्या परिसरातल्या शेतकऱ्याला खोडव्याची माहिती हवी असेल आणि ते पुस्तक 'सहकार' म्हणून लावलेलं असेल, तर त्याच्या दृष्टीनं ते पुस्तक ग्रंथालयात नाहीच.

मराठी साहित्यासाठी याच पद्धतीत ८९१.४६ हा अंक आहे. त्यापुढं १ लावला की कविता, २ लावला की नाटक आणि ३ लावला की कथा-कादंबरी.

मोरोपंत, मयूरपंत की पराडकर?

दुसरी अडचण नावांची. 'केकावली' लिहिणारे कवी मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीत राहिले. त्यांचं पूर्ण नाव मोरेश्वर रामचंद्र पराडकर. कुणी त्यांना मयूरपंत म्हणतं. एका पुस्तकावर 'मोरोपंत' आणि दुसऱ्यावर 'मयूर' असं छापलेलं असेल आणि नोंद जशी छापली तशीच केली, तर एकाच कवीचे दोन कवी होतात.

म्हणून तालिकाकार एक नाव प्रमाण ठरवतो. बाकीच्या नावांखाली 'हे पाहा' अशी पाटी लावतो. वाचकानं कोणतंही नाव शोधलं तरी तो योग्य ठिकाणी पोचतो.

पण प्रत्येक वेळी नावं एकत्र करून चालत नाहीत. कवितांसाठी 'कुसुमाग्रज' आणि नाटकांसाठी 'वि. वा. शिरवाडकर' ही दोन नावं लेखकानं स्वतःच वेगळी ठेवली होती. चिं. त्र्यं. खानोलकर आणि 'आरती प्रभू' यांचंही तसंच. अशा वेळी आजच्या नियमांनुसार दोन्ही नावं राहू देतात आणि 'हेही पाहा' म्हणून एकमेकांना जोडतात.

गावांच्या नावांनाही हेच लागू. कोऱ्हाळे बुद्रुक आणि कोऱ्हाळे खुर्द ही वेगळी गावं. बुद्रुक हा शब्द फारसी 'बुजुर्ग'वरून आला, म्हणजे थोरलं, आणि खुर्द म्हणजे धाकटं. शिर्डीजवळ राहाता तालुक्यातही एक कोऱ्हाळे आहे. नुसतं 'कोऱ्हाळे' लिहून सोडलं तर वाचक अहिल्यानगर जिल्ह्यात जाऊन पोचायचा! म्हणून प्रमाण नाव असं ठरवायचं: 'कोऱ्हाळे बुद्रुक (बारामती, पुणे)'. आणि 'कोऱ्हाळे बु.', 'कोर्हाळे', 'कोराळे' ही रूपं त्याला जोडून ठेवायची. सुरुवातीच्या प्रयोगातल्या घोळावर हाच उपाय. त्यासोबत, ग्रंथालयात टाइप करणाऱ्या सगळ्यांनी एकच पद्धत वापरायची आणि ती लिहून भिंतीवर लावायची.

हे शिकायचं कुठं?

या प्रशिक्षणाच्या इतिहासात मराठी माणसांना जवळचं वाटेल असं एक नाव आहे, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि १९११ मध्ये तिथं ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. पुढं डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण आणि १९३४ मध्ये तालिकीकरणाची संहिता दिली. त्यांच्या पाच सिद्धांतांपैकी चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तालिकाकाराचं सगळं काम या एका वाक्यात येतं.

महाराष्ट्रात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आणि सरकारी अनुदान मिळतं. या व्यवस्थेत काम करायचं तर सध्या साधारण तीन वाटा आहेत.

पहिली, ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा. ग्रंथालय संचालनालयाच्या या अभ्यासक्रमाचे वर्ग जिल्हा ग्रंथालय संघ चालवतात. दहावी झालेल्यांना तो करता येतो. गावातल्या वाचनालयासाठी ही सर्वात जवळची वाट.

दुसरी, मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीचं इग्नू, दोन्हीकडं ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी नोकरी सांभाळून करता येते.

तिसरी, नियमित पदवी आणि पदव्युत्तर पदवी. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात हे शिक्षण मिळतं.

प्रमाणपत्र मिळालं की झालं?

नाही, कारण नियम बदलत राहतात. अनेक ग्रंथपाल शिकले ते 'एएसीआर टू' या १९७८ च्या नियमांवर. २०१० मध्ये त्यांची जागा घेण्यासाठी 'आरडीए' हे नवे नियम आले. ड्युईची तेविसावी आवृत्ती २०११ मध्ये आली. कार्डाच्या जागी आता 'मार्क २१' नावाचा कॉम्प्युटरचा साचा आहे. त्यात प्रत्येक माहितीला क्रमांक असतो. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, २४६ म्हणजे शीर्षकाचं वेगळं रूप, ६५१ म्हणजे विषय म्हणून आलेलं ठिकाण. 'कऱ्हेचे पाणी' हे २४५ मध्ये लिहायचं आणि लोक जसं टाइप करतात ती रूपं २४६ मध्ये टाकून ठेवायची. एवढं माहीत असलं तरी किती तरी वाचकांचा शोध वाचतो.

फुकटात काय मिळतं?

बरंच काही. पण एक अडचण आधीच सांगायला हवी, यातलं बहुतेक इंग्रजीत आहे.

• ई-ज्ञानकोश: इग्नूची अभ्यासपुस्तकं इथं मोफत वाचता येतात. वर्गीकरण आणि तालिकीकरणाचे धडे त्यात आहेत.

• ई-पीजी पाठशाला आणि स्वयम्: पदव्युत्तर पातळीचे धडे आणि ऑनलाइन अभ्यासक्रम. ग्रंथालयशास्त्र हा विषय दोन्हीकडं आहे.

• लायब्ररी ऑफ काँग्रेस: अमेरिकेच्या या ग्रंथालयाच्या साइटवर 'मार्क २१'ची पूर्ण माहिती आणि तालिकाकारांसाठीचं प्रशिक्षण साहित्य मोफत आहे. या संस्थेचं दिल्लीत कार्यालय आहे आणि ती मराठी पुस्तकंही घेते. त्यामुळं अनेक मराठी पुस्तकांच्या तयार नोंदी तिथं सापडतात आणि उतरवून घेता येतात. फक्त त्या बऱ्याचदा रोमन लिपीत असतात, देवनागरी आपल्याला भरावी लागते.

• सॉफ्टवेअर: 'कोहा' हे न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेलं मोफत सॉफ्टवेअर. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडं एनआयसीचं 'ई-ग्रंथालय' आहे.

पैसे मोजावे लागतात ते मूळ नियमांना. 'आरडीए' आणि ड्युईची ऑनलाइन आवृत्ती वर्गणी भरूनच मिळते. पगार, पुस्तकं आणि वीजबिल अनुदानातून भागवणाऱ्या वाचनालयाला ती परवडणं अवघड. तिथं ड्युईची जुनी छापील आवृत्ती आणि जिल्हा संघातले जाणते ग्रंथपाल यांच्यावरच काम चालतं.

आणखी एक सूचना. जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये केलेल्या असतील, तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची अक्षरं विस्कटलेली दिसतात. आधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, काही तपासून बघा, मगच नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरा.

मग सगळ्या नोंदी कॉपीच का करू नयेत?

गाजलेल्या कादंबरीसाठी जरूर करा. ती नोंद आधी कुणीतरी केलेली असते.

पण गावातल्या वाचनालयात दुसऱ्याही गोष्टी असतात. शाळेची स्मरणिका. कारखान्याचा महोत्सवी अंक. एखाद्या गुरुजींनी पदरमोड करून छापलेला गावचा इतिहास. कीर्तनकाराचा गौरवग्रंथ. त्यांवर बऱ्याचदा आयएसबीएन क्रमांक नसतो, त्या दुकानात आलेल्या नसतात, वॉशिंग्टनला तर गेलेल्याच नसतात. त्यांची नोंद जगात कुठंच नसते. ती गावातल्या माणसानं केली तरच होणार.

अशी नोंद काय करू शकते याचं उदाहरण मराठीतच आहे. शंकर गणेश दाते यांनी आधी १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' तयार केली. त्यातली कितीतरी पुस्तकं आज सहज हाती लागत नाहीत. पण ती होती, कुणी लिहिली, कधी छापली, हे आपल्याला कळतं. नोंद राहिली म्हणून पुस्तकाचा माग राहिला.

वाचक म्हणून आपण काय करू शकतो?

पुढच्या वेळी वाचनालयात गेलात तर आपल्या गावाचं नाव तालिकेत शोधून बघा. कार्डावर असो, वहीत असो किंवा कॉम्प्युटरवर. सापडलं नाही तर 'पुस्तक नाही' असं समजून परत फिरू नका. ग्रंथपालांना सांगा, मी असं असं लिहून शोधलं. कोणत्या रूपानं लोक शोधतात हे त्यांना असंच कळतं.

आणि घरात माळ्यावर गावाबद्दलचं एखादं जुनं पुस्तक, एखादी स्मरणिका पडून असेल, तर ती वाचनालयात द्या. देताना एवढंच विचारा, "याची नोंद कधी होईल?"