दुसरें घर आणि सरकारी कर

घर आयुष्यांत एकदांच घ्यावयाचें, ही मध्यमवर्गाची समजूत आतां मागें पडत चालली आहे. मुलगा नोकरीच्या निमित्तानें पुण्यास जातो, तेथें कर्ज काढून सदनिका घेतो. आईवडील छत्रपती संभाजीनगरांतच राहतात. कांहीं वर्षांनीं वडिलांना जिना चढवेनासा होतो, जुनें घर गैरसोयीचें वाटूं लागतें, आणि क्रांती चौकाच्या आसपास लिफ्ट असलेली एखादी सदनिका घ्यावी असा विचार घरांत सुरू होतो. कर्ज मुलालाच मिळणार असतें, म्हणून घरहि त्याच्याच नांवावर व्हावयाचें असतें. असें घर चैनीसाठीं नसतें. तरीहि हिशेबाच्या वहींत तें त्या मुलाचें दुसरें घर ठरतें. मग साहजिकच प्रश्न निघतो : दुसऱ्या घरावर सरकार अधिक कर घेतें काय?

या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं, कारण घराच्या निमित्तानें सरकारशीं गांठ तीन वेळां पडते : घर घेतांना, तें बाळगतांना आणि तें विकतांना. महाराष्ट्रांत घर घेतांना पहिल्या-दुसऱ्या घरांत भेद केला जात नाहीं. घरांची संख्या विचारली जाते ती पुढें, प्राप्तिकराच्या दारांत. ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ कुटुंबें खरेदीच्या खर्चाचा हिशेब चोख करतात, आणि खरा फरक जेथें पडतो तेथें मात्र बेसावध राहतात.

खरेदीच्या वेळीं द्यावयाचा मुख्य कर म्हणजे मुद्रांक शुल्क. १६२४ सालीं हॉलंडांत हा कर निघाला, १६९४ सालीं इंग्लंडनें तो उचलला, आणि इंग्रजी अमलाबरोबर तो हिंदुस्थानांत रुजला. मूळ कल्पना अशी कीं, ज्या कागदाच्या आधारें मालकी सिद्ध करावयाची त्या कागदावर सरकारची मोहोर असावी आणि मोहोरेचें मोल कागद करून घेणाऱ्यानें द्यावें. म्हणजे हा कर माणसावर नव्हे. तो दस्तावर आहे. मराठवाड्यांत निजामी अमदानींत १३३१ फसलीचा मुद्रांक कायदा चालत असे. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९५८ सालीं मुंबई मुद्रांक कायदा झाला, आणि तोच पुढें महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम या नांवानें चालूं राहिला. दस्ताला मुख्यतः इतकेंच विचारलें जातें कीं, मालमत्ता कोठें आहे आणि तिचें मोल किती. घेणाऱ्याच्या नांवावर आणखी किती घरें आहेत, हा प्रश्न त्यांत नाहीं.

आतां क्रांती चौकाजवळच्या ६० लाख रुपयांच्या एका तयार सदनिकेचें उदाहरण घ्यावें. महानगरपालिकेच्या हद्दींत मालमत्तेच्या मूल्यावर मूळ शुल्क ५ टक्के आणि महानगरपालिकेचा अधिभार १ टक्का, असे एकूण ६ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार रुपये होतात. नोंदणी फी १ टक्का असली तरी ती ३० हजारांच्या वर जात नाहीं. दोन्ही मिळून ३ लाख ९० हजार. पुण्यास अशाच घरावर मेट्रोसाठीं आणखी १ टक्का १ एप्रिल २०२२ पासून द्यावा लागतो. शुल्क आकारतांना करारांतील किंमत आणि सरकारी वार्षिक दरतक्त्याप्रमाणें निघणारें बाजारमूल्य, या दोहोंत जें अधिक असेल तें धरतात. या तक्त्यालाच लोक रेडीरेकनर म्हणतात. १ एप्रिल २०२५ रोजीं त्यांतील दर राज्यांत सरासरीनें ३.८९ टक्के वाढले. म्हणजे शुल्काचा टक्का तोच राहिला तरी शुल्काची रक्कम वाढूं शकते, आणि ही वाढ वर्तमानपत्राच्या मथळ्यांत सहसा दिसत नाहीं.

टक्का बदलल्याचें सर्वांत ठळक उदाहरण २०२० सालचें. महामारीनें घरांचे व्यवहार थंडावले, तेव्हां राज्य सरकारनें १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत मूळ शुल्कांत ३ टक्क्यांची, आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची सूट दिली. वरील ६० लाखांच्या घरावर पहिली सूट १ लाख ८० हजारांची झाली असती. डिसेंबरांत नोंदणी कार्यालयांपुढें गर्दी लोटली. एकट्या मुंबईंत त्या महिन्यांत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. ही सूट पहिल्या घरास जितकी, तितकीच दुसऱ्या घरास मिळाली. परंतु तिचा उपयोग करून घेण्याची सवड दोघांना सारखी नव्हती. भाड्याच्या खोलींतून निघण्यासाठीं धडपडणाऱ्या कुटुंबाला मुदतीच्या आंत पैसा उभा करणें अवघड. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहेच, तो मात्र योग्य घडीची वाट पाहूं शकतो. कायदा दोघांस समान लेखतो, पण समान सूट दोघांच्या पदरांत सारखी पडतेच असें नाहीं.

दुसरा बदल स्त्रियांच्या नांवें होणाऱ्या खरेदीचा. १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नांवें घेतल्यास शुल्कांत १ टक्का सवलत मिळूं लागली. आरंभीं असें घर पंधरा वर्षें पुरुषास विकतां येत नसे. ती अट २०२३ सालीं उठली. आपल्या उदाहरणांतील घर आईच्या नांवें घेतलें तर ६० हजार रुपये वांचतात. मुलाचें नांव जोडलें कीं सवलत जाते. आणि मुलाचें नांव नसेल तर कर्जाच्या व्याजाची वजावट त्याला मागतां येत नाहीं. पत्नीच्या नांवें घर घेतलें आणि पैसा पतीनें तसाच दिला असला, तर घराचें भाडें पतीच्याच उत्पन्नांत धरलें जातें. तेव्हां एका टक्क्याचा लाभ घेण्यापूर्वीं पुढचा हिशेब मांडावा हें बरें.

घर अद्याप बांधलें जात असेल, तर वस्तु व सेवा कर निराळा. १ एप्रिल २०१९ पासून तो ५ टक्के आहे. ४५ लाखांपर्यंतच्या, ठराविक क्षेत्रफळाच्या आंतील परवडणाऱ्या घरांस १ टक्का. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकल्या जाणाऱ्या घरास हा कर नाहीं. ६० लाखांवर ५ टक्के म्हणजे ३ लाख रुपये. एवढी तफावत केवळ घर तयार आहे कीं अर्धवट, यावर पडते. येथेंहि पहिल्या-दुसऱ्याचा भेद नाहींच.

इतर देशांत सर्वत्र असें नाहीं. इंग्लंडांत एप्रिल २०१६ पासून जादा घर घेणाऱ्यास नेहमींच्या दरावर ३ टक्के अधिक द्यावे लागत. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ते ५ टक्के झाले. सिंगापुरांत तर २७ एप्रिल २०२३ पासून तेथील नागरिकासहि दुसऱ्या घरावर २० टक्के जादा शुल्क पडतें. राहण्यासाठीं घर शोधणाऱ्याला बाजारांत जागा मिळावी, हा त्यामागील हेतु. मात्र आईवडिलांसाठीं घेतलेलें घर आणि नफ्यासाठीं अडवून ठेवलेलें घर यांची निवड संख्या मोजणाऱ्या करास नीट करतां येत नाहीं. त्याला दोन्ही सारखींच दिसतात.

आपल्याकडे घरें मोजण्याचें काम प्राप्तिकर करतो. पूर्वीं एकच घर स्वतःच्या राहण्याचें मानलें जाई. दुसरें रिकामें असलें तरी त्याचें भाडें येत आहे असें कल्पून त्यावर कर लागे. २०१९ च्या अर्थसंकल्पानें ही मोकळीक दोन घरांस दिली. तरीहि नोकरीमुळें घरांत राहतां येत नसेल तर त्याविषयीं जी अट होती, ती परगांवीं स्वतःच्याच घरांत राहणाऱ्या माणसास अडचणीची होती. २०२५ च्या अर्थसंकल्पानें ती काढून टाकली. मालक कोणत्याहि कारणानें तेथें राहत नसला तरी अशीं दोन घरें आतां निःशुल्क धरलीं जातात. पुण्याचें एक आणि आईवडिलांचें क्रांती चौकाजवळचें एक, अशा कुटुंबास हा बदल मुद्रांकाच्या सवलतीपेक्षां अधिक मोलाचा आहे, कारण तो दरवर्षीं उपयोगी पडतो. तिसऱ्या घरापासून मात्र कल्पित भाड्याचा कर आहेच.

व्याजाचें मात्र तितकें सुखाचें नाहीं. जुन्या करपद्धतींत राहत्या दोन्ही घरांचें मिळून वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतच व्याज वजा होतें. पुण्याच्या कर्जानेंच ही मर्यादा भरली असेल, तर नव्या कर्जाच्या व्याजास कांहींच मिळत नाहीं. नव्या पद्धतींत राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाहीं. भाड्यानें दिलेल्या घराचा सारा तोटा पगारांतून वजा करण्याची जुनी सोयहि २०१७ सालीं २ लाखांवर आणली गेली.

शेवटची गांठ विक्रीच्या वेळीं. २३ जुलै २०२४ पासून दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागूं झाला, आणि महागाईच्या मानानें मूळ किंमत वाढवून धरण्याची सोय गेली. त्या तारखेपूर्वीं घेतलेल्या घरांपुरता, येथील रहिवासी व्यक्तींना जुना २० टक्क्यांचा हिशेब निवडण्याचा पर्याय ठेवला आहे. पुढें घेतलेल्या घरांस तो नाहीं. म्हणून खरेदीच्या वेळीं भरलेल्या मुद्रांक शुल्काच्या व नोंदणी फीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. ती रक्कम घराच्या मूळ किमतींत मिळवतां येते आणि तितका नफा कमी धरला जातो.

सारांश, दुसऱ्या घराचा विचार करणाऱ्या कुटुंबानें इसार देण्यापूर्वींच तीन बेरजा निरनिराळ्या मांडाव्यात : दस्ताच्या दिवशीं एकदांच जाणारी रक्कम, कर्ज फिटेपर्यंत दरवर्षीं पडणारा कराचा फरक, आणि पुढेंमागें विक्री झाल्यास द्यावा लागणारा कर. पहिली बेरीज सर्वांत ठळक दिसते, म्हणून तिच्यावरच घरांतील चर्चा रंगते. वृद्ध आईवडिलांच्या सोयीसाठीं घेतलेलें घर मुलाच्या संसारास भार होईल कीं नाहीं, हें मात्र बहुधा दुसऱ्या बेरजेवरच ठरतें.