अंगार, निखारा आणि कोळसा

आंधळगावच्या आपल्या शाळेत पालीचा तास चालू असताना एका विद्यार्थ्याने 'अंगारकासु' या शब्दाचे भाषांतर 'कोळशाची खाण' असे केले. शब्दकोशात अंगार म्हणजे कोळसा आणि कासु म्हणजे खड्डा, तेव्हा त्याची चूक समजण्याजोगी होती. अर्थ मात्र पार हरवला. मज्झिम निकायातील पोतलिय सुत्तात ही उपमा कामभोगांना दिली आहे. धगधगत्या खाईकडे ओढला जाणारा मनुष्य अंग मागे घेतो. खाणीत तर माणसे रोज मजुरीसाठी उतरतात. म्हणून येथे 'निखाऱ्यांची खाई' हेच योग्य.

मराठीत 'कोळसा' हा शब्द दोन वस्तूंना लागतो. अपुऱ्या हवेत लाकूड जाळून होतो तो लोणारी कोळसा. भट्ट्या लावणाऱ्या लोणारी समाजावरून हे नाव पडले. उमरेडच्या खाणीतून निघतो तो दगडी कोळसा. तो कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा झाला आहे. यांपैकी कोणताही पेटून लाल झाला की निखारा. जुना 'इंगळ' हा शब्द 'अंगार' याचेच प्राकृतातून आलेले रूप होय.

इतर भाषांनीही असाच भेद केला आहे. हिंदीत 'पत्थर का कोयला', तेलुगूत 'राति बोग्गु', जर्मनमध्ये 'श्टाइनकोले'. तिन्हींचा अर्थ दगडी कोळसा. तमिळमधील 'निलक्करि' म्हणजे जमिनीतील कोळसा. इंग्रजी 'कोल' हा शब्दही मूळचा निखाऱ्याचा. खाणीतील कोळशाचा वापर वाढल्यावर तो त्याला चिकटला आणि लाकडाच्या कोळशाला 'चारकोल' हे वेगळे नाव मिळाले.

तरीही 'अंगार म्हणजे निखारा' असे पाठ करून भागत नाही. महापरिनिब्बान सुत्तात पिप्फलिवनाचे मोरिय उशिरा पोहोचतात. तोवर तथागतांच्या अस्थींचे आठ भाग वाटले गेलेले असतात. मोरियांना चितेतील अंगार मिळतात व त्यांवर ते स्तूप उभारतात. चिता आधीच विझविलेली होती. म्हणून येथे अंगार म्हणजे कोळसेच.

विद्यार्थ्यांना आम्ही म्हणूनच सांगतो, की प्रतिशब्द लिहिण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : पेटलेला की विझलेला? लाकडाचा की खाणीतला? उत्तर शब्दकोशात मिळाले नाही, तर उतारा पुन्हा वाचावा. बुद्धवचन आपल्या भाषेत आणणाऱ्याने एवढे कष्ट घेतलेच पाहिजेत.