जुनी व्हॅन किती वर्षे साथ देते?

माळेगावच्या जत्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस आधी दात बघतो. मग खूर, खांदा आणि चाल. लालकंधारी असो की देवणी, चार पावले चालवून घेतल्याशिवाय तो रुमालाखाली हात घालीत नाही. पण तोच माणूस जुनी व्हॅन घ्यायला गेला की रंग बघतो, शिटांची नवी कव्हरे बघतो आणि इसार देऊन मोकळा होतो. वर्षभराने मिस्त्रीच्या दारात बसून म्हणतो, "जुनी गाडी ती जुनीच!"

वाचक बंधू-भगिनींनो, हे बोलणे अर्धेच खरे आहे. आमच्या घरचाच अनुभव सांगते.

आमचे गाव अहमदपूर तालुक्यात. २००३ सालची ओम्नी व्हॅन आम्ही २०११ साली तुरीच्या पैशातून घेतली. त्या वेळी ती सत्तर हजार किलोमीटर चाललेली होती. मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, लातूरचा मोंढा आणि येळवशीला सगळे घर शेतात न्यायचे, अशी सारी कामे तिच्यावर. पहिली दोन वर्षे आम्ही तिच्यात पेट्रोल घातले आणि दसऱ्याला झेंडूचा हार घातला. याहून जास्त काही केले नाही.

२०१३ च्या मे महिन्यात नांदेडहून सासूबाईंना घेऊन येताना माळाकोळीच्या अलीकडे शिटाखालून वाफ येऊ लागली. ओम्नीचे इंजिन पुढच्या शिटांच्या खाली असते, त्यामुळे ताप आधी बसणाऱ्यालाच कळतो. भर उन्हात, आजारी माणसासह आम्ही दोन तास बाभळीखाली बसलो. मिस्त्रीने रेडिएटर उघडून दाखवला. आतल्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजल्या होत्या. दोन वर्षे आम्ही त्यात बोअरचे पाणी ओतत होतो! ज्या पाण्याने घरातल्या हंड्याला खपली धरते, तेच पाणी. इंजिनाचे हेड वाकले होते. दुरुस्तीला तीन क्विंटल तुरीचे पैसे गेले.

त्या दिवसापासून आम्ही एक वही घातली. तीच व्हॅन आज वीस वर्षांच्या पुढे आहे, एक लाख नव्वद हजार किलोमीटर चालली आहे आणि इंजिन अजून खणखणीत आहे.

हिशेब मांडून बघा

मारुतीची ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली. पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे साधे इंजिन, म्हणून खेड्यातल्या मिस्त्रीलाही ते उमगते. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तेव्हा आता विकायला येणारी प्रत्येक ओम्नी जुनीच असणार. २०१० साली आलेल्या ईकोही आता जुन्या बाजारात मिळू लागल्या आहेत.

नीट निगा राखली तर असे इंजिन दोन लाख किलोमीटर सहज काढते, असे जुने मिस्त्री सांगतात. शेतकऱ्याच्या घरची गाडी वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर फिरते. म्हणजे नव्यापासून जपली तर वीस वर्षे झाली. मग आपल्याकडच्या गाड्या बारा वर्षांतच का बसतात? अंतराने त्या क्वचितच झिजतात. त्यांना मारणाऱ्या गोष्टी तीन: ताप, धूळ आणि ओझे.

ताप, धूळ, ओझे

रेडिएटरमध्ये बोअरचे किंवा विहिरीचे पाणी घालू नये. कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, यांचेच मिश्रण घालावे आणि दर दोन वर्षांनी बदलावे. गाडी तापली तर लगेच बंद करावी आणि पूर्ण निवल्याशिवाय झाकण उघडू नये. आत दाबलेले उकळते पाणी उसळून तोंड-हात भाजतात.

सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत शिवाररस्त्यावर धुरळा किती उडतो, हे सांगायला नको. तो एअर फिल्टरमध्ये बसतो. या दिवसांत दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून झटकावा, फार काळा झाला की नवा घालावा. इंजिनाचे तेल आमच्याकडच्या धुळीत पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदललेले बरे. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागी गाडी उभी करून तेलाची पट्टी बघावी. हे काम शाळकरी मुलगीही करू शकते. आमच्याकडे तीच करते आणि वहीत लिहिते. इंजिनाचा टायमिंग पट्टा मात्र तुटण्याची वाट बघू नये. पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर बदलावा.

तिसरे ओझे. ओम्नीच्या मागच्या चाकांवर पाटे असतात. सहा पोती आणि वर पाच माणसे घातली की पाटे बसतात, ब्रेक पुरत नाहीत आणि टायर फुटतात. खताची पोती नेली तर त्याच दिवशी गाडी झाडून, धुऊन घ्यावी. सांडलेले खत ओल धरते आणि चटईखालचा पत्रा खाऊन टाकते. पावसाळ्यात चाकांच्या वर अडकलेली काळी माती काठीने काढून धुवावी, तिच्याखालीच गंज लागतो. कीटकनाशकांच्या बाटल्या आणि मुले एका गाडीत कधीही नेऊ नयेत.

आणखी दोन गोष्टी. गाडी कडब्याच्या गंजीजवळ उभी करू नये. उंदीर वायरी कुरतडतात आणि एका ठिणगीने गाडी, गंज दोन्ही जातात. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. आपल्याच उसापासूनही ते होते, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या चिरल्या आहेत का, हे मिस्त्रीकडून बघून घ्यावे. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नये.

विकत घेताना दात कसे बघाल?

सकाळी, इंजिन थंड असताना जावे. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले दुखणे लपवते. सुरू केल्यावर निळा धूर सारखा येत असेल तर तेल जळते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी तेलात मिसळत असण्याचा संशय धरावा. चटई उचलून पत्र्यावर बोटाने दाबून बघावे. नवा रंग असेल तिथे जास्तच दाबावे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक होते.

गॅसवर चालणारी गाडी असेल तर किटची नोंद आरसी बुकात आहे का ते बघावे. घरगुती सिलिंडर लावून गाडी चालवणे बेकायदा आहे, आणि त्यात स्वतःचेच घर जळण्याचा धोका आहे.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते, शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. लातूरची एमएच २४ असो की नांदेडची एमएच २६, सौदा करण्यापूर्वी मुदत किती उरली ते बघून किंमत ठरवावी. खासगी गाडीत भाडे घेऊन मजूर बसवले तर अपघातात विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

निरोप कधी द्यावा?

इंजिन पुन्हा बांधता येते. पण तळाचा सांगाडा गंजला, शिटाचे किंवा पट्ट्याचे बोल्ट ज्यात बसतात तो पत्रा कुजला, तर ठिगळे लावून मुलांना त्यात बसवू नये. ओम्नीला पुढे नाक नाही. समोरून धडक बसली तर चालकाचे पाय आणि समोरचे वाहन यांत अंतर फार थोडे राहते. म्हणून आम्ही आमच्या व्हॅनला आता राष्ट्रीय महामार्गावर लांब नेत नाही. नांदेडला जायचे तर एसटीने जातो. व्हॅन गाव ते शेत आणि गाव ते तालुका एवढेच करते. म्हाताऱ्या बैलाला आपण नांगराला जुंपत नाही, तसेच हे.

पुढच्या तपासणीत मिस्त्रीने तळाचा पत्रा गेला असे सांगितले, तर तिला रीतसर भंगारात द्यायचे, हे घरात ठरले आहे. सासूबाईंना ते पटत नाही. "माळाकोळीला तिने दगा दिला नाही, आपणच तिला खारे पाणी पाजले होते," असे त्या म्हणतात. यात खोटे काय आहे?

येत्या रविवारी एक शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर आजचे किलोमीटर आणि तेलाची तारीख लिहा. बैलाला पोळ्याच्या दिवशीच नव्हे, रोज दाणा-पाणी लागते. गाडीलाही तेच लागते.