हाताची खूण यंत्राला कशी कळते?

बुलढाणा जिल्ह्यात हाताच्या खुणांवर बोलायचं, तर सुरुवात बाजारापासूनच करू. इथल्या ज्येष्ठांनी हत्ता पद्धत पाहिलेली असेल. व्यापारी आणि दलाल रुमालाखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं दाबायचे, आणि भाव ठरायचा. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारीच उभा, पण त्याला काही दिसायचं नाही. पुढे बाजार समित्यांत उघड लिलाव आला तो याच कारणाने. गुरांच्या बाजारात तो रुमाल अजूनही अधूनमधून दिसतो.

आज मला त्या रुमालाचं काम आहे ते वेगळ्या कारणासाठी. खूण ओळखणाऱ्या यंत्राच्या दोन मोठ्या अडचणी त्या एका फडक्यात सापडतात. पहिली उघड आहे: कॅमेऱ्याला रुमालाखालचं दिसत नाही. अंधारातलं आणि पाठीआडचंही दिसत नाही. मग सेन्सर हातावरच बांधायचा. दुसरी अडचण जरा थांबून सांगतो.

तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये हे सेन्सर आहेतच. एक अ‍ॅक्सेलरोमीटर. सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा तितक्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो किंचित मागे राहतो, आणि तो किती सरकला हे विजेच्या बदलावरून मोजतात. गंमत अशी की मोबाइल टेबलावर निवांत पडलेला असला तरी हा सेन्सर ९.८ दाखवतो, कारण त्याला गुरुत्वाकर्षणही जाणवतं. दुसरा जायरोस्कोप. मनगट किती वेगाने वळलं, ते तो सांगतो.

आता विद्यार्थ्यांना हमखास वाटतं, की वेगातला बदल मिळाला, म्हणजे गणित करून हात हवेत नेमका कुठून कुठे गेला ते काढता येईल. कागदावर येतं. प्रत्यक्षात बघा. हात किती कललाय हे ओळखण्यात फक्त १ अंशाची चूक झाली, तर गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग हालचाल म्हणून मोजला जातो. १० सेकंदांत हिशेब जवळजवळ साडेआठ मीटरने चुकतो. हात जागेवरच आहे, आणि यंत्राच्या मते तो खोलीबाहेर गेला!

म्हणून हात कुठे आहे याचा नाद बरेचजण सोडतात. हालचालीचा आकार बघतात. सेकंदाला १०० वेळा मोजलं, प्रत्येक वेळी ६ आकडे, तर २ सेकंदांच्या खुणेचे १२०० आकडे होतात. हे आधी साठवलेल्या नमुन्याशी ताडून बघायचे. पण एकच माणूस तीच खूण कधी सावकाश करतो, कधी घाईने. एकच अभंग एका दिंडीत संथ चालतो, दुसरीत द्रुत, तरी तो तोच आहे हे आपल्याला कळतं. यंत्रालाही असं ताणून-आखडून जुळवायला शिकवतात. ही युक्ती मुळात बोललेले शब्द ओळखण्यासाठी १९७०च्या दशकात पुढे आली. २००९ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने तीच वापरून ८ साध्या खुणा ९८.६ टक्के अचूक ओळखून दाखवल्या. मात्र नमुना ज्याचा, खूणही त्याचीच हवी. दुसऱ्याच्या हाताचे नमुने वापरले की अचूकता बरीच घसरते. आपली सही दुसऱ्याने केली तर बँक घेत नाही, तसंच काहीसं.

आता ती दुसरी अडचण. आपला हात दिवसभर हलतच असतो. भाकरी मोडतो, डास मारतो, बोलताना वारे करतो. यातलं यंत्रासाठी काय आणि सहज केलेलं काय? समजा, घड्याळातलं यंत्र दर सेकंदाला ठरवतंय, की आत्ता खूण झाली की नाही. १६ तासांचे ५७,६०० निर्णय झाले. ते ९९.९ टक्के बरोबर असले, तरी रोज ५७ वेळा ते नसलेली खूण बघणार. प्रदर्शनात टाळ्या मिळवणारे प्रकल्प घरी चालत नाहीत, ते बहुधा इथे अडतात.

बाजारात हे रुमालाने सोडवलं होतं. रुमाल पडला की बोटांना अर्थ, उचलला की संपला. त्याच्या बाहेर कितीही हातवारे करा, व्यवहार होत नाही. यंत्राला असाच रुमाल लागतो. कुणी बटण ठेवतं, कुणी मनगटाला दोन झटके देऊन मगच खूण करायला सांगतं. मला बटणच बरं वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण दरवर्षी ठिकठिकाणच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हा प्रकल्प होतो: कर्णबधिरांची भाषा बोलून दाखवणारा हातमोजा. हेतू चांगला आहे. पण भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले होते, आणि या भाषेत चेहरा, भुवया, खांद्यांचा कल यांनाही व्याकरणात जागा आहे. प्रश्न की विधान, हे कित्येकदा भुवया सांगतात. मोज्याला भुवया नाहीत. शिवाय तो मोजा घालायचा कर्णबधिरांनीच. ऐकू येणाऱ्याने दोन खुणाही शिकायच्या नाहीत. ज्यांच्यासाठी करताय, त्यांच्यातल्या चार जणांना पहिल्याच आठवड्यात प्रकल्पात घ्या.

याउलट पक्षाघाताने बोलणं गेलेल्या माणसाचा एक हात थोडा हलत असेल, तर पाणी, दुखतंय, कूस बदला, या तीन खुणांसाठी हे तंत्र उत्तम आहे. खुणा थोड्या, हात एकाच माणसाचा, आणि नमुना त्याच्याच थरथरत्या हाताचा घेता येतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : शेतातली मोटार हाताच्या खुणेने चालू करता येईल का?)

येईल. पण आपल्याकडे मोबाइलवरून चालणारे स्टार्टर आधीच आहेत, तेव्हा गरज आहे का ते बघा. आणि केलंच, तर दोन्ही खुणा सारख्या ठेवू नका. चुकून मोटार बंद पडली तर पाणी थोडं कमी मिळेल. चुकून चालू झाली आणि कुणी विहिरीत उतरून पंपाला हात लावून बसलेलं असेल, तर जीव जाईल. बंद करायची खूण सोपी ठेवा. चालू करायला खूण आणि बटण दोन्ही लागू द्या, आणि दुरुस्तीला उतरण्याआधी मेन स्विच हातानेच पाडा.