डुकराचे आतडेही अन्नाची चव ओळखते!
पिले तोडताना खुराक हळूहळू का बदलावा?



पिले आईपासून तोडल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस फार जपावे लागतात. याच दिवसांत पिले खाणे टाकतात, त्यांना हगवण लागते, वाढ खुंटते आणि काही पिले दगावतातही. खुराक उत्तम आणि जागा स्वच्छ असूनही असे का व्हावे? याचे एक मोठे कारण आतड्याच्या कामात आहे.

आतडे म्हणजे नुसती नळी नव्हे

आतडे म्हणजे अन्न पुढे सरकविणारी व त्यातील सत्त्व शोषणारी नळी, अशी आपली समजूत असते. परंतु आतड्याच्या अस्तरात शोषण करणाऱ्या पेशींच्या मधूनमधून काही वेगळ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असते. तरीही समोरून जाणाऱ्या अन्नात साखर, प्रथिने, स्निग्ध पदार्थ यांपैकी काय आहे, हे त्या ओळखतात व त्याप्रमाणे संप्रेरके रक्तात सोडतात.

आतडे असा निरोप पाठविते, हे १९०२ साली लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी प्रथम दाखविले. कुत्र्याच्या आतड्याचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल सोडले, तरी स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागला. निरोप रक्तावाटे गेला होता. त्या संप्रेरकाला सिक्रेटिन हे नाव मिळाले.

कोणत्या घटकाचा कोणता निरोप?

साखर : जिभेवर गोडी ओळखणारी जी प्रथिने असतात, तीच आतड्यातील या पेशींवरही असतात. जिभेची चव जनावराला जाणवते, आतड्याची जाणवत नाही. काम मात्र होते. गोडी ओळखताच जीएलपी-२ हे संप्रेरक स्रवते आणि ग्लुकोज आत वाहून नेणारी प्रथिने वाढतात. बाजारात आवक वाढली की जास्त हमाल लावावे, तसाच हा प्रकार.

प्रथिने व स्निग्ध पदार्थ : यांची चाहूल लागताच सीसीके हे संप्रेरक स्रवते. पित्त व स्वादुपिंडाचा रस आतड्यात येतो, जठर सावकाश रिकामे होते आणि पोट भरल्याची जाणीव होते.

माणूस, उंदीर, कुत्रा या सस्तन प्राण्यांतही हीच व्यवस्था आहे. थोडेफार फरक मात्र आहेत. मांजराला गोडी कळतच नाही, कारण गोडी ओळखणाऱ्या दोन प्रथिनांपैकी एकाचे जनुक निकामी आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. डुकराला सॅकरिन गोड लागते, ॲस्पार्टेम लागत नाही. २०१० मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी तोडलेल्या पिलांच्या खुराकात कृत्रिम गोडी मिसळली, तेव्हा आतड्यातील ग्लुकोज वाहक वाढलेले आढळले.

तोडणीच्या वेळी काय घडते?

आईच्या दुधात दुग्धशर्करा व स्निग्धांश असतो. भरड्यात मुख्यतः पिष्टमय पदार्थ असतात. नवे अन्न ओळखून त्यानुसार पाचक रस व वाहक तयार करण्यास आतड्याला काही दिवस लागतात. खुराक एकाएकी बदलला, तर न पचलेले अन्न मोठ्या आतड्यात जाते. तेथे घातक जंतू वाढतात व हगवण लागते. पिले उपाशी राहिली, तर आतड्याला निरोपच मिळत नाही आणि शोषण करणारे अंकुरही आखूड होतात.

काय करावे?

१) पिले दोन आठवड्यांची होताच आई पोचणार नाही अशा कप्प्यात थोडा ताजा, बारीक भरडा ठेवावा. म्हणजे तोडणीपूर्वीच आतड्याला त्याची ओळख होते.

२) तोडल्यावर निदान आठवडाभर तोच भरडा चालू ठेवावा. नवा खुराक प्रथम पाव भाग, मग निम्मा, मग पाऊण भाग असा सात ते दहा दिवसांत वाढवावा.

३) दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. शिळे, आंबलेले अन्न काढून टाकावे. स्वच्छ पाणी सतत असावे.

४) कच्चे सोयाबीन देऊ नये. त्यातील घटक प्रथिनांच्या पचनास अडथळा आणतात. भाजलेले सोयाबीन किंवा सोयाबीन पेंड वापरावी.

५) गोडीचा उपयोग होतो म्हणून नवजात पिलांना साखर वा गूळ चारू नये. पहिल्या आठवड्यात ती पचत नाही व हगवण लागते.

६) हगवण दिसताच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. प्रतिजैविके मनाने देऊ नयेत.

आठ-दहा दिवसांच्या या सबुरीला वेगळा खर्च नाही. मात्र ती न राखल्यास नुकसान कळपभर होते. तरी खुराक बदलताना आतड्याला सवड द्यावी, ही विनंती.